सहा वर्षांखालचे मूल आणि ‘करू शकेल’ हा शब्द

दिवाळी झाली की सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात उसाला कोयता लागतो आणि ऊसतोड मजुरांच्या तळांवर कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. बीडकडची कुटुंबे येतात, जतच्या कोरडवाहू गावांतलीही असतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. थोरल्या मुलांची शाळा बुडते, त्यावर निदान बोलले जाते. तीन-चार वर्षांचे पोर फडाच्या कडेला बसलेले असते. त्याचे काही बुडते आहे असे कुणाला वाटत नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याची शाळा सुरूच झालेली नाही.

गरिबाच्या मुलाला शिकवण्याची साताऱ्याची परंपरा मोठी आहे. १९१९ मध्ये काले गावात सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेने पुढे सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणले. पण ती मोठी मुले. लहानग्यांसाठीचा प्रयोग १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत सुरू झाला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी हा शब्द आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. अंगणवाडीतून मिळणाऱ्या तिच्या सहा सेवांपैकी एक होती ‘अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण’. शिकवणारी सेविका मानसेवी, तिला मिळते ते मानधन, पगार नव्हे.

खरा घोळ नंतरचा. मूळ राज्यघटनेतल्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्न करील, असे होते. खालची वयोमर्यादा नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, तेव्हाही नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वयोगटाला. सहाखालची मुले पुन्हा ‘प्रयत्न करील’मध्ये राहिली. हक्क वाढवला असे सांगताना सगळ्यात लहान मुले त्यातून वगळली गेली. खर्च झेपणार नाही आणि अंगणवाडी आहेच, असे या निर्णयाच्या बाजूने बोलले जाते. मला ते पटत नाही. अंगणवाडीत शिक्षण ही सहातली एक सेवा, आणि खिचडी, वजन, लसीकरण, रजिस्टरे यांतून उरलेल्या वेळाची.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ ने यावर कळस केला. तीन वर्षांवरील मुलांच्या मोफत पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’. करील नव्हे. त्याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असेल, तर दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना पंचवीस टक्के प्रवेश तिथपासूनच द्यायला सांगितले. म्हणजे खासगी शाळेवर बंधन आणि शासनाला मुभा. तळावरच्या पोराला तर जवळपास अशी शाळाच नसते.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानून अंगणवाडीला शिक्षणाच्या आराखड्यात घेतले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये अंगणवाडीत पोषणासोबत शिकवण्यावर भर देणारा केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत अंगणवाड्यांना कुलपे होती. मुलांचे हाल झाले, हे खरे. पण शिक्षिकेचे काम मागायचे आणि तिला मानसेवी म्हणायचे, हे किती वर्षे चालणार होते?

कलम ११ मात्र अजून तसेच आहे. तळावरच्या मुलांच्या कामी येईल असा एकच जुना आदेश आहे, सर्वोच्च न्यायालयाचा, १३ डिसेंबर २००६ चा. वस्तीत सहाखालची किमान चाळीस मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. मोठ्या तळावर चाळीस मुले सहज भरतात. पण नोव्हेंबरात अर्ज केला तर मुदत फेब्रुवारीत संपते, आणि होळीच्या सुमारास टोळ्या परतीला लागतात.