एचआयव्हीबाधितांतील कवकसंसर्ग

एचआयव्हीमुळे रक्तातील सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटत गेल्यावर, निरोगी माणसाला सहसा न बाधणारी कवके (बुरशी) जे आजार घडवतात, त्यांची गणना संधिसाधू संसर्गांत होते. तोंडातील कँडिडा संसर्ग त्यांत लवकर दिसतो. जिभेवर व गालांच्या आत दह्यासारखा पांढरा थर येतो आणि तो पुसला असता खाली लालभडक त्वचा दिसते. ‘तोंड आले’ म्हणून याकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये.

न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया सीडी४ पेशी घन मिलिमीटरला २०० च्या खाली गेल्यावर बळावतो. त्याला कारण होणारा जीव ब्राझीलचे वैद्य शागास यांनी १९०९ मध्ये पाहिला, पण तो ट्रिपॅनोसोमा या परजीवीची अवस्था मानला. १९१२ मध्ये दलानोए दांपत्याने तो स्वतंत्र ठरवला. तरीही तो दीर्घकाळ बहुधा आदिजीवांतच (प्रोटोझोआ) गणला गेला. ५ जून १९८१ च्या, एड्सची पहिली नोंद मानल्या जाणाऱ्या अमेरिकी वृत्तांतातील पाचही रुग्णांना हाच न्यूमोनिया होता. १९८८ मध्ये रायबोसोमल आरएनएच्या अभ्यासातून हा जीव कवक असल्याचे पुढे आले व तेच मत ग्राह्य वाटते. अझोल ही नेहमीची बुरशीनाशक औषधे ज्याची निर्मिती रोखतात, ते एर्गोस्टेरॉल हे मेदद्रव्य त्याच्या पेशीपटलात नसल्याने ती त्यावर चालत नाहीत आणि को-ट्रायमोक्साझोल हेच मुख्य औषध ठरते.

क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या विष्ठेत वाढतो व श्वासावाटे शरीरात शिरतो. म्हणून नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर साचलेली विष्ठा बाधिताने कोरडी झाडू नये. या कवकामुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणशोथात (मेंदूच्या आवरणाच्या दाहात) डोकेदुखी हळूहळू वाढत जाते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाचा थेंब इंडिया इंक या काळ्या शाईमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ वलय दिसते. तथापि, रक्तातील या कवकाचे प्रतिजन (त्याच्या अस्तित्वाची खूण असलेला घटक) लक्षणांच्या कित्येक आठवडे आधी सापडू शकत असल्याने, सीडी४ पेशी १०० च्या खाली असलेल्यांची ही तपासणी डोके दुखण्याची वाट न पाहता व्हावी. मस्तिष्कावरणशोथ झाल्यास एआरटी (एचआयव्हीला रोखणारा औषधोपचार) चार ते सहा आठवडे लांबवतात, कारण प्रतिकारशक्ती एकाएकी सावरल्याने मेंदूतील दाह वाढून जीवावर बेतू शकते.

एआरटी हाच या संसर्गांवरील मूळ उपाय असून, २००४ पासून ती शासकीय केंद्रांत मोफत मिळते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही असे केंद्र आहे.

अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग एचआयव्हीबाधितांत त्यामानाने कमी आढळतो. मात्र अझोल गटातील बुरशीनाशके, जी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत भुरीवर फवारली जातात, त्यांच्या शेतीतील वापराचा या कवकाच्या औषध-प्रतिरोधाशी संबंध असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.