शिंका मांजरामुळे की गादीमुळे?

घरात कुणी सारखं शिंकायला लागलं की पहिली गदा मांजरावर येते. त्याला नातेवाइकांकडे धाडतात, महिनाभर वाट बघतात आणि शिंका थांबल्या नाहीत की मांजर निर्दोष ठरवतात. या महिन्याभरातून काहीच कळत नाही. मांजर गेल्यावरही त्याचं अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन सोफ्यात, पडद्यांत, गालिच्यात चार ते सहा महिने टिकून राहतं.

दुसरा संशयित गादीत असतो: डस्ट माइट. पाव मिलिमीटरचा हा जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. नाक वाहणं, डोळे खाजणं दोन्हींत सारखंच, त्यावरून काही ठरत नाही.

ठरतं ते कणांच्या वजनावरून. माइटच्या बाबतीत त्रास देते ती त्याची विष्ठा, आणि ती जड. गादी झटकली की ती उडते आणि अर्ध्या तासात खाली बसते. म्हणून त्रास अंथरूण घालताना, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर आणि सकाळी उठल्या उठल्या जास्त. मांजराचं फेल डी १ हे प्रथिन त्याच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे अतिबारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरांतही पोचतात. म्हणून मांजर दुसऱ्या खोलीत असलं तरी काहींचे डोळे दिवाणखान्यात बसल्या बसल्या चुरचुरू लागतात. 'केसांची अ‍ॅलर्जी' हा शब्दच आता सोडून द्यायला हवा. केस हे फक्त वाहन. मांजर भादरून उपयोग नाही, बिनकेसाची जात आणूनही नाही. आंघोळ घातली तरी दोन-तीन दिवसांत सगळं पूर्ववत.

उपायही म्हणूनच वेगळे. माइटसाठी गादी-उशीला घट्ट विणीची, चेनवाली खोळ घाला आणि चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. थंड पाण्याने विष्ठा निघते, माइट मरत नाहीत. दमट हवा त्यांना मानवते, तेव्हा कोकणातल्या पावसाळ्यात जाड गोधड्यांचा ढीग पलंगावर नको. मांजराचा त्रास असेल तर झोपायची खोली त्याला कायम बंद आणि तिथे हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र. हेच यंत्र माइटसाठी घेणं म्हणजे बहुतेक पैसे वाया, कारण ती विष्ठा हवेत राहतच नाही.

मांजरासोबत रोज राहणाऱ्याचं नाक मात्र बारा महिने चोंदलेलं असू शकतं, तिथे वेळेवरून अंदाज फसतो. अशा वेळी त्वचेची प्रिक टेस्ट करावी. हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब, बारीक टोच, पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजायची. आधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. गोळ्या थांबवणं शक्य नसेल तर रक्तातली विशिष्ट आयजीई (अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) तपासा, तिच्यावर गोळ्यांचा परिणाम होत नाही. दोन्ही अ‍ॅलर्जी एकाच माणसाला असू शकतात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर हे शोधत न बसता आधी डॉक्टर गाठा.