जॉनी वॉकर आणि दारू : एका समजुतीचा खुलासा

इंदूरच्या मराठी घरांत जुन्या सिनेमांचा विषय निघाला, की हिंदी सिनेमातले विनोदी नट जॉनी वॉकर आपल्याच गावात जन्मले हे अभिमानाने सांगितले जाते. आणि त्याला लागूनच, ते पक्के पिणारे होते म्हणून तर त्यांना व्हिस्कीचे नाव पडले, ही पुस्तीही जोडली जाते. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी नाही.

त्यांचे मूळ नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. कुटुंब मुंबईला गेल्यावर ते बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाले आणि प्रवाशांना नकला करून हसवू लागले. ते कसब बलराज साहनींनी हेरले व त्यांना गुरुदत्तांसमोर दारुड्याची बतावणी करायला लावली. गुरुदत्त इतके खूश झाले, की त्यांनी 1951 च्या 'बाजी'मध्ये काम दिले, आणि पुढे व्हिस्कीच्या प्रसिद्ध छापावरून हे पडद्यावरचे नावही त्यांनीच ठेवले. म्हणजे नावाचे मूळ व्यसनात नसून अभिनयात आहे. स्वतः काझी आयुष्यभर दारूपासून दूर राहिले.

खरे तर, तोल जाऊ न देता तोल गेल्याचे सोंग वठवायला शुद्ध हरपून चालतच नाही, हे गणेशोत्सवातल्या नाटकात दारुड्या रंगवलेल्या कोणत्याही हौशी नटाला ठाऊक असते. शिवाय त्यांची ओळख त्या एका सोंगापुरती नव्हती : 'प्यासा'तला तेलमालिशवाला शुद्धीतच आहे, आणि 'आनंद'मधला ईसाभाई तर शेवटी रडवून जातो.