मटणाचा रस्सा, सोयाबीनची वडी

श्रावण लागला की रविवारच्या रश्श्याचं काय करायचं, हा प्रश्न कितीतरी घरांत उभा राहतो. वाटण तेच, काळा मसाला तोच, भाकरीही तीच. मटणाच्या जागी सोयाबीनच्या वड्या पडतात. मग ताटावर बसल्यावर ठरलेली तक्रार येते: रस्सा झकास जमलाय, पण वडी सपक लागते. दोष मसाल्याला दिला जातो आणि पुढच्या खेपेला तिखट वाढतं. वडी तरीही सपकच राहते. कारण मटण शिजताना रश्श्याला देत असतं आणि वडी रश्श्याकडून घेत असते. दोघांना एकाच पद्धतीनं शिजवलं, तर वडीच्या वाट्याला काहीच येत नाही.

हे समजायला वडी कशी तयार होते ते बघायला हवं. सोयाबीनच्या दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. मराठवाड्यातून बाजारात गेलेलं सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये पोचतं, तिथे दाणे भरडून, चपटे करून त्यांतलं तेल हेक्झेन या द्रावकात उतरवून घेतात. मग वाफ देऊन हेक्झेन काढून टाकतात आणि मागे उरते ती पेंड. पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. माणसांच्या खाण्यासाठी वेगळी, जपून हाताळलेली पेंड दळली की जवळपास ५० टक्के प्रथिनं असलेलं पीठ हाती येतं. आपली वडी या पिठाची असते. म्हणजे स्वयंपाकघरात येण्याआधीच तिच्यातली जवळजवळ सगळी चरबी निघून गेलेली असते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

हे पीठ थोड्या पाण्यासोबत एक्सट्रूडर नावाच्या यंत्रात जातं. जाड पोलादी नळी, आत फिरणारा स्क्रू, तापमान दीडशे अंशांच्या आसपास. दाब इतका असतो की त्या तापमानालाही पाणी उकळत नाही. उष्णतेनं प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या उलगडतात, स्क्रूच्या रेट्यानं ते एका दिशेला ओढले जातात आणि एकमेकांना नव्यानं जोडले जातात. नळीच्या तोंडाशी बारीक भोकांचा साचा असतो. पीठ त्यातून बाहेर पडतं त्या क्षणी दाब उतरतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार बनतं. सुरी फिरते, तुकडे पडतात, वाळतात. विल्यम ॲटकिन्सन यांना या पद्धतीचं अमेरिकी पेटंट १९७० मध्ये मिळालं. त्याआधी अमेरिकी रसायनतज्ज्ञ रॉबर्ट बॉयर यांनी वेगळा मार्ग काढला होता. मोटारनिर्माते हेन्री फोर्ड यांच्याकडे सोयाबीनपासून कापडाचा धागा काढण्यावर त्यांनी काम केलं होतं. तेच तंत्र खाण्याच्या धाग्यांसाठी वापरून त्यांनी १९५४ मध्ये पेटंट घेतलं.

भिजवलेली एखादी वडी हातानं फाडून बघा. ती कशीही तुटत नाही. एका बाजूनं सहज सोलली जाते, दुसऱ्या बाजूनं ताण देते. आत पातळ पापुद्रे दिसतात, पापुद्र्यांमध्ये पोकळ्या. मटणाच्या फोडीतले धागे दाताखाली जे करतात, त्याची बरीचशी नक्कल हे पापुद्रे करतात. चावण्याचं काम यंत्रानं साधलेलं आहे. चवीचं काम मात्र संपूर्ण आपल्यावर सोपवलेलं आहे.

आता मटण रश्श्याला काय देतं? हाडांभोवतीचं आणि स्नायूंमधलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं, त्यामुळे रश्श्याला दाटपणा येतो आणि तो ओठांना किंचित चिकटतो. चरबी वितळून मसाल्याचा सुवास स्वतःत धरून ठेवते. बोकडाच्या मटणाचा ओळखीचा उग्र वासही मुख्यतः चरबीतल्या काही आम्लांचा असतो. शिवाय ग्लुटामेट आणि इनोसिनेट ही चव खुलवणारी द्रव्यं असतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या त्या भरदार, मांसासारख्या चवीला उमामी म्हटलं. ग्लुटामेटसोबत इनोसिनेट किंवा त्याच्याच जातीचं ग्वानिलेट आलं की ही चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटीनं वाढते. वडीकडून यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. तेव्हा हे सगळं रश्श्यात आधीच हजर असायला हवं.

सुदैवानं आपल्या वाटणात त्यातलं बरंच आहे. सुकं खोबरं, तीळ आणि खसखस चरबीही देतात आणि दाटपणाही. वड्यांच्या रश्श्याला म्हणूनच खोबरं नेहमीपेक्षा मूठभर जास्त घ्यावं आणि तेलाला हात आखडू नये. कांदा गडद तपकिरी होईपर्यंत भाजताना त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी अभिक्रिया करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली हीच अभिक्रिया भाजलेल्या मटणालाही त्याचा वास देते. ग्लुटामेटसाठी पिकलेला टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतावा. ग्वानिलेटसाठी वाळवलेले शिटाके मशरूम भिजवून त्यांचं पाणी रश्श्यात घालता येतं. ते नसतील तर अडत नाही, पण घातल्यावर फरक पहिल्याच घोटात कळतो.

आता वड्यांकडे. कोरडी वडी म्हणजे रिकामा स्पंज. तो पहिल्यांदा ज्या पाण्यानं भरेल, त्याचीच चव आत राहणार. साध्या गरम पाण्यात भिजवून, अर्धवट पिळून वड्या थेट रश्श्यात सोडल्या तर पोकळ्या आधीच पाण्यानं भरलेल्या असतात आणि रश्श्याला आत शिरायला जागाच नसते. पण पहिलं पाणी फेकणंही गरजेचं आहे. सोयाबीनचा कच्चट वास लिपॉक्सिजनेज या एन्झाइममुळे येतो. ते दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि हेक्झॅनलसारखी वासाची द्रव्यं तयार होतात. शिवाय सोयाबीनमध्ये राफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि गॅस होतो. वास आणि शर्करा, दोन्हींचा बराचसा भाग गरम पाण्यासोबत निघून जातो.

म्हणून वड्यांना दोन पाणी हवीत. पहिल्या उकळत्या पाण्यात दहाएक मिनिटं ठेवून, गार पाण्याखाली धरून दोन्ही तळव्यांत दाबून घट्ट पिळायच्या. बाहेर येणारं पाणी फेसाळ आणि पिवळट असतं. ते बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत धुवायच्या. मग दुसरं पाणी चवीचं: मीठ, थोडा चिंचेचा कोळ किंवा आमसूल, आलं-लसणाचा रस, हवं तर मशरूमचं पाणी. मीठ आणि आंबटपणा पाण्यात विरघळतात, त्यामुळे ते वडीच्या गाभ्यापर्यंत जातात. लवंग, दालचिनी, मिरची यांचा अर्क मुख्यतः तेलात उतरतो, तो ओल्या पोकळ्यांत फारसा शिरत नाही. त्याची जागा बाहेरच्या तर्रीत. मटणाला दह्यात मुरवतो तसं वड्यांना तासन्‌तास मुरवण्यात मात्र काही हशील नाही. आंबटपणानं मऊ पडेल असं कोलॅजेन तिच्यात नसतंच.

चवीच्या पाण्यातून काढल्यावर पुन्हा हलकेच पिळायचं आणि लोखंडी कढईत तेलावर परतायचं. हा टप्पा चुकवू नये असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि खमंगपणाला त्याहून बरंच जास्त लागतं. कढईत आधी चुरचुर आवाज येतो, तो ओसरला की कडा तपकिरी होऊ लागतात. गर्दी केली तर वड्या वाफेतच शिजतात, म्हणून थोड्या थोड्या परताव्यात. मग त्या उकळत्या, पूर्ण तयार रश्श्यात सोडून दहा मिनिटं शिजवायच्या आणि गॅस बंद करून झाकून ठेवायच्या. वडी निवताना आतल्या पोकळ्यांतली वाफ आकसते आणि तिच्या जागी रस्सा ओढला जातो. दुपारचा रस्सा रात्री जास्त चांगला लागतो, त्यात या ओढीचा वाटा मोठा आहे.

खिम्याला बारीक दाणेदार सोया जास्त शोभतं, कारण खिम्यात लांब धाग्यांची अपेक्षाच नसते. लहान मुलं असलेल्या घरात सुरुवात इथूनच करावी. कटलेट किंवा सीख कबाब करताना मात्र ते फुटतं. मटणाचा खिमा मीठ घालून मळला की त्यातलं मायोसिन हे प्रथिन बाहेर येऊन चिकट होतं आणि शिजताना सगळं धरून ठेवतं. सोयाची प्रथिनं एक्सट्रूडरमध्येच पक्की बसलेली असतात. कितीही मळलं तरी ती नव्यानं चिकटत नाहीत. भाजलेलं बेसन आणि उकडलेला बटाटा हवाच. बाजारातल्या तयार पॅटीसमध्ये हे काम बहुधा मिथाइल सेल्युलोज हा वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेला पदार्थ करतो. तापल्यावर घट्ट होणं हा त्याचा गुण.

वडीशिवाय बाकीचे पर्यायही आहेत. कोकणातली फणसाची कोवळी कुयरी धाग्याला सुरेख, पण प्रथिनं अगदीच कमी, तेव्हा तिच्यासोबत वाल किंवा हरभरे असावेत. पावसाळ्यातली अळंबी उमामीला सरस. उत्तरेकडचा सोया चाप सोयासोबत मैदा मळून केलेला असतो, म्हणजे त्याचा चिवटपणा बराचसा गव्हातल्या ग्लुटेनचा. परदेशात इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत सापडणारं लेगहिमोग्लोबिन हे लाल, लोहयुक्त प्रथिन यीस्टकडून तयार करून घेते आणि बर्गरला रक्ताचा रंग व वास देते. रोजच्या घरगुती जेवणाला माझं मत वडीलाच आहे: स्वस्त, टिकाऊ आणि पोटभर.

पोषणाचा हिशेब असा. १०० ग्रॅम कोरड्या वडीत साधारण ५२ ग्रॅम प्रथिनं. माणशी ३० ग्रॅम वड्या घेतल्या तर १५ ग्रॅमच्या पुढे. त्यांचा दर्जाही चांगला, कारण सोयाबीनमध्ये सगळी आवश्यक अमिनो आम्लं असतात. लोहही भरपूर, पण सोयाबीनमधल्या फायटेट या द्रव्यामुळे ते शरीरात कमी शोषलं जातं. ताटात लिंबाची फोड असेल तर शोषण सुधारतं. बी-१२ जीवनसत्त्व वडीत नसतं, त्यासाठी दूध-दही किंवा अंडी हवीत. सोया खाल्ल्यानं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं ही भीती अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात खरी ठरलेली नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, सोयामुळे ती गोळी कमी शोषली जाते. सकाळी गोळी घेतली असेल तर सोयाच्या पिठाचं घावन न्याहारीला नको. वड्यांचा रस्सा दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवावा.