कुऱ्हाड सापडेना

परवा माझ्याच जुन्या लेखांच्या फाइलीत ‘कुऱ्हाड’ शोधत होतो. शब्द पडद्यावर ढळढळीत दिसतोय आणि संगणक म्हणतोय, असा शब्दच नाही!

हे बघा: कुऱ्हाड, कुर्‍हाड. दिसायला जुळे. पण संगणक पहिल्यात सात चिन्हं मोजतो आणि दुसऱ्यात आठ.

भानगड त्या पापणीसारख्या आडव्या ‘र’ची आहे. मराठीचं त्याच्यावाचून चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘दर्या’ म्हणताना र् मागच्या ‘द’वर आदळतो आणि ‘द’ गुरू होतो. ‘दऱ्या’त तो पुढच्या ‘या’त विरघळतो, ‘द’ लघूच राहतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवून चालत नाही ते यामुळेच. हिंदीला हा भेद लागत नाही. त्यामुळे र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), य अशी साधी जोडी दिली की संगणक रफारच काढतो.

मग पापणी मागायची कशी? युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक. त्याच्या १९९६च्या २.० आवृत्तीत र आणि हलन्तापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ टाकायची सोय होती. हा जोडक दिसत नाही, जागाही घेत नाही. नंतर भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ मानकाला धरून दुसरी वाट आली: खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक ०९३१ (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे). हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिण्यासाठीचं. त्याचा पाय मोडला की पापणी उमटते. जुना मजकूर मोडू नये म्हणून पहिली वाटही चालू ठेवली.

र अधिक नुक्ता (खालचं टिंब) आणि अखंड ऱ हे एकच, असं युनिकोडचं सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणं) मानतं. जोडकवाला र मात्र त्या हिशेबात येत नाही. त्यात काही सॉफ्टवेअर जोडक कचरा समजून पुसतात. मग उरते ‘कुर्हाड’, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. ‘देवनागरी संगणकासाठी सर्वांत शास्त्रीय, नासानेही मान्य केलं’ असले संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी आधी ‘ढकलणाऱ्यां’तला र कुठला, ते तपासावं.

मी शेवटी फाइलीतले सगळे जुने र बदलायला घेतले. पण शोधायच्या चौकटीत न दिसणारं चिन्ह टाइप कसं करणार? जुन्याच लेखातली ‘कुर्‍हा’ कॉपी करून चिकटवली, मागचा ‘कु’ आणि पुढचा ‘हा’ खोडला, आणि उरलेल्या पापणीवर बदल चालवला.