पार्श्वभूमी : थिओडोर रूझवेल्ट आणि ‘ट्रस्ट’चा प्रश्न

मराठीत ‘ट्रस्ट’ म्हटले की देवस्थानाचा किंवा शाळेचा कारभार पाहणारे विश्वस्त आठवतात. अमेरिकेत मात्र हाच शब्द मक्तेदारीचे दुसरे नाव झाला होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे अध्यक्ष असलेल्या रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीविषयीचे बरेचसे गैरसमज याच शब्दाभोवती साचले आहेत.

१८८२ मध्ये तेलशुद्धीकरणातील सर्वांत बलाढ्य समूहाने आपल्या अनेक कंपन्यांचे शेअर नऊ विश्वस्तांच्या स्वाधीन केले. कागदोपत्री कंपन्या वेगवेगळ्या राहिल्या, तरी कारभार एकहाती झाला. ओहायोच्या न्यायालयाने दहा वर्षांनी ही रचना मोडीत काढली खरी. पण तोवर न्यू जर्सी राज्याने एका कंपनीला दुसरीचे शेअर बाळगण्याची मुभा दिली होती. त्यामुळे विश्वस्त गेले आणि त्यांच्या जागी धारक कंपन्या आल्या, तरी लोकांच्या तोंडी ‘ट्रस्ट’ हाच शब्द राहिला. १८९० च्या शर्मन कायद्याने व्यापाराला अडथळा आणणाऱ्या अशा संगनमतावर बंदी घातली होती. मात्र उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये साखर उद्योगाच्या खटल्यात दिल्याने तो जवळजवळ निष्प्रभ झाला. संपावर गेलेल्या रेल्वे कामगारांविरुद्ध मात्र त्याच सुमारास तोच कायदा वापरला गेला, हे विसरता येत नाही.

नागरी सेवेतील वशिलेबाजी आणि न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यातील भ्रष्टाचार यांच्याशी झगडून आलेले रूझवेल्ट सप्टेंबर १९०१ मध्ये, आधीच्या अध्यक्षांच्या हत्येनंतर, वयाच्या ४२ व्या वर्षी अध्यक्ष झाले. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांच्या सरकारने वायव्येकडील रेल्वेमार्ग एका छत्राखाली आणणाऱ्या धारक कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली आणि १९०४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने खटला जिंकला. दरम्यान, पेनसिल्वेनियातील सुमारे १ लाख ४० हजार कोळसा कामगारांचा १९०२ चा संप त्यांनी मध्यस्थीने मिटवला. कामगारांना दहा टक्के पगारवाढ आणि बहुतेकांना नऊ तासांचा दिवस मिळाला, संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही. तरीही सरकारने संपकऱ्यांना दडपण्याऐवजी मालकांना त्यांच्यासमोर बसवावे, ही त्या देशात नवी गोष्ट होती. १९०६ मध्ये रेल्वेच्या दरांवर नियंत्रण आले, तसेच मांस, अन्न व औषधे यांच्या शुद्धतेसाठी कायदे झाले.

यावरून त्यांना ‘ट्रस्ट मोडणारा अध्यक्ष’ हे नाव पडले, पण ते अपुरे आहे. रूझवेल्ट यांचा विरोध कंपनीच्या आकाराला नव्हता, तिच्या गैरवर्तनाला होता. चांगले ट्रस्ट आणि वाईट ट्रस्ट असा भेद ते उघडपणे करत आणि मोठ्या उद्योगांवर सरकारची कायम देखरेख असावी, असा आग्रह धरत. चांगले कोण आणि वाईट कोण हे ठरवायचे कुणी, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नव्हता.

तो नोव्हेंबर १९०७ मध्ये उभा ठाकला. न्यूयॉर्कच्या बँकांवर ठेवीदारांची झुंबड उडाली होती आणि एक मोठी दलाली पेढी बुडण्याच्या बेतात होती. टेनेसीच्या एका कोळसा व लोखंड कंपनीचे शेअर या पेढीने कर्जापोटी तारण ठेवले होते. ४ नोव्हेंबरच्या सकाळी देशातील सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीचे दोन प्रतिनिधी शेअर बाजार उघडण्यापूर्वी व्हाइट हाउसमध्ये पोहोचले. ती कंपनी आम्ही विकत घेतो, सरकार आड येणार नाही एवढी खात्री द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. रूझवेल्ट यांनी, आक्षेप घेणे हे आपले कर्तव्य वाटत नाही, असे सांगून वाट मोकळी केली. बाजार सावरला, पण कोळसा व लोहखनिजाचे मोठे साठे असलेला एक प्रतिस्पर्धी आधीच अवाढव्य असलेल्या कंपनीच्या पोटात गेला. संकटाचा रेटा मान्य केला तरी, खरेदीदाराच्याच माहितीवर काही तासांत असा निर्णय घेणे समर्थनीय ठरत नाही.

ऑक्टोबर १९११ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या, त्यांनीच पुढे आणलेल्या उत्तराधिकाऱ्याच्या सरकारने त्या पोलाद कंपनीवर खटला भरला आणि त्यात १९०७ च्या खरेदीवर बोट ठेवले. आपण फसवले गेलो असा त्याचा अर्थ निघतो, हे रूझवेल्ट यांच्या जिव्हारी लागले. दोघांत आधीच असलेली तेढ विकोपाला गेली. १९१२ च्या निवडणुकीत रूझवेल्ट तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहिले. त्यांना सुमारे २७ टक्के मते मिळाली, मूळ पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला आणि अध्यक्षपद विरोधकांकडे गेले. स्पर्धेवर देखरेख ठेवणारा कायमस्वरूपी आयोग १९१४ मध्ये त्याच विरोधकांनी स्थापन केला. पोलाद कंपनीचा निकाल लागला १९२० मध्ये, रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने : केवळ मोठे असणे हा कायद्याने गुन्हा नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीला अखंड ठेवले.