गुलमर्ग : खोल हिमाचे छोटे स्कीस्थळ

गुलमर्ग हे जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या बारामुल्ला जिल्ह्यातील, पीर पंजाल पर्वतरांगेत सुमारे 2,650 मी. उंचीवर वसलेले गिरिस्थान असून हिवाळ्यात तेथे साचणाऱ्या खोल, कोरड्या आणि भुसभुशीत हिमामुळे ते स्की खेळणाऱ्यांमध्ये जगभर ओळखले जाते. ते श्रीनगरपासून सुमारे 50 किमी. अंतरावर आहे, वाटेत टंगमर्ग हे शेवटचे मोठे गाव लागते आणि तेथून पुढचा सुमारे 13 किमी.चा रस्ता देवदार व पाइनच्या जंगलातून वळणे घेत चढतो. आल्प्समधील मोठ्या स्कीस्थळांवर डझनावारी लिफ्ट आणि यंत्राने दाबून सपाट केलेले मैलोगणती उतार असतात. गुलमर्गला मात्र दोन टप्प्यांचा एक गोंडोला (बंद डब्यांचा रज्जुमार्ग), एक चेअरलिफ्ट आणि पायथ्याच्या कुरणावर नवशिक्यांना ओढत वर नेणाऱ्या काही छोट्या लिफ्ट एवढाच पसारा आहे. सोयी थोड्या आणि डोंगर अफाट, हे या स्थळाचे खरे वैशिष्ट्य असून तेथील निवांतपणा आणि तेथील धोका हे दोन्ही त्यातूनच निर्माण झाले आहेत.

हिमाचे स्वरूप : गुलमर्गला हिवाळ्यात मिळणारे हिम बहुतांशी पश्चिमी झंझावातांतून येते. भूमध्य सागराच्या परिसरात तयार होणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण व अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकतात आणि पीर पंजालला अडून आपल्यातील बाष्प हिमरूपाने टाकतात. विदर्भातील शेतकऱ्याला हे झंझावात वेगळ्या रूपात परिचित आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून सरकणाऱ्या अशा प्रणालीची समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी गाठ पडली, की मध्य भारतात अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, आणि काढणीला आलेला हरभरा व गहू, तसेच संत्र्याचा मृग बहार एका संध्याकाळी मातीमोल होतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागाने हा फटका सोसला आहे. त्यामुळे वृत्तपत्रात पश्चिमी झंझावाताची बातमी आली, की गुलमर्गचा हॉटेलवाला खूश होतो आणि वरुड-मोर्शीचा बागायतदार आभाळाकडे पाहू लागतो.

कडक थंडीत पडलेल्या ताज्या हिमात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवाच असते. सरकी काढून पिंजलेल्या कापसाच्या ढिगात पाय टाकावा, तसा माणूस त्यात मांडीपर्यंत, प्रसंगी कमरेपर्यंत रुततो. स्कीपटू या हिमाला पावडर म्हणतात. दाबलेल्या उतारावर स्की पृष्ठभागावरून घसरते, पावडरमध्ये ती हिमाच्या आतून जणू तरंगत जाते. म्हणून तेथे रुंद स्की वापरतात, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवतात आणि वळणे सावकाश घेतात. सपाट उतारावर सफाईने स्की करणारा माणूसही पहिल्या दिवशी पावडरमध्ये वारंवार पडतो, आणि पायातून सुटलेली स्की खोल हिमाखाली गेली तर ती शोधण्यातच त्याचा अर्धा तास जातो. ही अवस्था फार काळ टिकत नाही. ऊन आणि वारा लागला की पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो, म्हणून हिमवृष्टीनंतरचे पहिले दोन-तीन दिवसच सर्वोत्तम मानले जातात.

काश्मिरी लोक 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यापाठोपाठ वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. पावडरची अपेक्षा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत धरावी. हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही : 2024 चा जानेवारी बहुतेक कोरडा गेला, गुलमर्गचे कुरण महिनाभर तपकिरी दिसत राहिले आणि हिमवृष्टी झाली ती महिना सरतेवेळी.

गोंडोला आणि डोंगर : फ्रान्समधील पोमागाल्स्की या कंपनीच्या तंत्रावर उभारलेला हा रज्जुमार्ग 1980 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आला. काश्मीरमधील अशांततेमुळे काम वर्षानुवर्षे रखडले. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा 1998 मध्ये आणि कोंगडोरी ते अफरवट पर्वत हा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. सहा माणसांच्या डब्यातून प्रवासी प्रथम सुमारे 3,080 मी. आणि मग सुमारे 3,950 मी. उंचीवर पोहोचतो. दुसऱ्या टप्प्याच्या माथ्यावरून गुलमर्गच्या कुरणापर्यंत एका दमात उतरल्यास सुमारे 1,300 मी. उंची कमी होते. विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण असलेले चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मी. उंच आहे, एवढे सांगितले म्हणजे या उताराची कल्पना येईल. गोंडोलाखालील मुख्य पात्रावर, म्हणजे रुंद खोलगट उतारावर, गस्ती पथकाची देखरेख असते. त्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेले कडे, घळी आणि जंगले यांवर कसलीही निगराणी नसते. अनुभवी स्कीपटू जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे किंवा द्रंग व टंगमर्गपर्यंत उतरतात आणि टॅक्सीने परत वर येतात.

जोराचा वारा असला किंवा मोठी हिमवृष्टी झाली, की दुसरा टप्पा बंद ठेवला जातो आणि हिमस्खलनाचा धोका तपासल्यावरच उघडला जातो. ही बंदी कधी एक दिवस, तर कधी अनेक दिवस चालते. या काळात स्कीपटू खालच्या जंगलात फिरतात, बुखारी या काश्मिरी शेगडीभोवती बसून कहवा हा काश्मिरी चहा पितात आणि खिडकीतून आभाळ पाहतात. हातात मोकळे दिवस असलेल्यालाच या स्थळाची गोडी कळते. श्रीनगरहून सकाळी निघून, गोंडोलाच्या रांगेत उभे राहून, स्लेजवर बसून छायाचित्र काढून संध्याकाळी परतणाऱ्या सहलींना गुलमर्ग दिसते ते केवळ गर्दीचे; आणि सुटीच्या दिवसांत पायथ्याच्या कुरणावर ती खरोखरच त्रासदायक असते. गर्दीचा हा सारा भार पहिल्या टप्प्याच्या आसपासच राहतो. स्की पायात बांधून पाचशे मीटर बाजूला गेलेल्याला ती जाणवत नाही.

इतिहास : सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याला हे कुरण प्रिय होते, आणि पुढे जहांगीरने येथून एकवीस जातींची फुले गोळा केल्याचे सांगतात. ब्रिटिश अमदानीत ते उन्हाळी विश्रामस्थान व गोल्फचे मैदान झाले. 1927 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये भारतीय लष्कराने स्की शिक्षणाची शाळा सुरू केली, तिचेच पुढे उच्च पर्वतीय युद्धशास्त्राच्या प्रसिद्ध विद्यालयात रूपांतर झाले. 1968 मध्ये केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्की व गिर्यारोहण संस्था आली. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा 2020 पासून येथे भरतात. टंगमर्ग परिसरातील आरिफ खान हा 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचा एकमेव खेळाडू होता आणि खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या जायंट स्लालम प्रकारात त्याने 45 वा क्रमांक मिळवला.

हिमस्खलन : पावडर जितकी खोल तितका उतार अस्थिर, हे सूत्र गुलमर्गला तंतोतंत लागू पडते. 30 ते 45 अंशांच्या उतारांवर नवा थर जुन्या कठीण थरावरून निसटतो, आणि स्कीपटूला नेमका हाच उतार आकर्षित करतो. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग या कुरणाजवळ प्रशिक्षण घेत असलेल्या लष्करी तुकडीवर हिमकडा कोसळून सतरा जवान मृत्युमुखी पडले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू, तर 22 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाचा एक स्कीपटू दगावला. हिमाखाली गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात; तेवढ्या वेळात बाहेरून पथक पोहोचत नाही, सोबतीच त्याला वाचवू शकतो. म्हणून गस्तीच्या पात्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ गाडलेल्याचा ठाव कळवणारे संदेशयंत्र, हिमात खुपसून शोध घेण्याची लांब सळई आणि फावडे असावे, ती वापरण्याचा सराव असावा आणि स्थानिक मार्गदर्शक बरोबर असावा. नवशिक्याने पात्राबाहेर जाऊच नये. रज्जुमार्गही अपघातमुक्त राहिलेला नाही : 25 जून 2017 रोजी वादळी वाऱ्यात उन्मळलेले झाड तारेवर पडून सात जणांचा मृत्यू झाला.

विदर्भाच्या खेड्यांतून होणारा प्रवास : विदर्भाच्या ग्रामीण भागात गुलमर्गचे नाव पोहोचले ते बहुधा काश्मीरमध्ये तैनात असलेल्या गावच्या जवानांमुळे आणि वैष्णोदेवीच्या यात्रेला जोडून काढल्या जाणाऱ्या सहलींमुळे. शेतकरी कुटुंबापुढे पहिली अडचण पैशाइतकीच वेळेची असते. गुलमर्गची पावडर ज्या आठवड्यांत पडते, त्याच आठवड्यांत कापसाची उरलेली वेचणी चालू असते, तूर खळ्यावर आलेली असते आणि पाठोपाठ हरभऱ्याची सोंगणी उभी राहते; शेतकऱ्याला उसंत मिळते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तोवर कुरणावर हिरवळ उगवून हिम केवळ अफरवटच्या माथ्याकडे, तेही ओले व जड झालेले, शिल्लक राहते. म्हणून या भागातून हिवाळ्यात जाणारे मुख्यतः शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि शेतीची जबाबदारी भावावर सोपवू शकणारे तरुण असतात.

सेवाग्राम, बल्लारशा आणि नागपूर ही स्थानके दिल्लीकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर असल्याने जम्मू-कटऱ्यापर्यंतचा रेल्वेप्रवास पूर्वीपासून सोपा होता. खरी दगदग त्यापुढच्या घाटरस्त्याची होती. जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यापासून, 359 मी. उंचीच्या चिनाब पुलावरून जाणाऱ्या गाडीने हे अंतर सुमारे तीन तासांत कापले जाते. टंगमर्गच्या पुढे हिमवृष्टीच्या दिवसांत चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. तेथे गमबूट आणि जाड कोट भाड्याने मिळतात. इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, ही गोष्ट निघण्यापूर्वी घरच्यांना सांगून ठेवावी, नाहीतर फोन लागत नाही म्हणून गावाकडे निष्कारण घोर लागतो.

नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी नोंदले गेलेले 3.5 अंश सेल्सिअस हे तापमान तेथील नीचांकांपैकी असून गुलमर्गमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्याही खाली जातो. कापूस पिकवणाऱ्या मुलखातील माणसाला पटायला जड जाईल, पण तेथे अंगालगत सुती कपडा घालू नये : सूत घाम शोषून ओले राहते आणि ओला कपडा शरीराची ऊब ओढून घेतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट, अशी रचना ठेवावी. स्वेटरवर स्वेटर चढवून आणि कानाला मफलर गुंडाळून भागत नाही. ताजे हिम बहुतेक सूर्यप्रकाश परावर्तित करत असल्याने काळा चष्मा ही चैनीची वस्तू नाही. तो नसल्यास संध्याकाळपर्यंत डोळे लाल होऊन आग करू लागतात.

सर्वांत गंभीर बाब शरीराची आहे आणि सहलीच्या माहितीपत्रकांत ती क्वचितच असते. अफरवटच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे 62 टक्केच असतो, आणि तीनशे मीटर उंचीवर आयुष्य घालवलेला माणूस गोंडोलाने अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचतो. डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे हे त्याचे सामान्य परिणाम असून खाली उतरणे हाच उपाय आहे. परंतु गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. थंडी, पाणी कमी पिणे आणि प्राणवायूची कमतरता ही तिन्ही कारणे लाल पेशींना विळ्याचा आकार देण्यास पोषक ठरतात, आणि ती तिन्ही येथे एकत्र येतात. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णाने दुसऱ्या टप्प्यावर जाणे टाळावे. एरवी कोणताही त्रास न होणाऱ्या एएस पॅटर्नच्या वाहकालाही अशा उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागल्यास ते पोटाचे साधे दुखणे न मानता तत्काळ खाली उतरून दवाखाना गाठावा. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी आणि मगच तिकीट काढावे.

शिकू इच्छिणाऱ्याने पायथ्याच्या सौम्य उतारावर निदान काही दिवस प्रशिक्षकाच्या हाताखाली काढावेत. स्की, बूट आणि काठ्या भाड्याने मिळतात; बूट घट्ट व मापाचा असणे स्कीच्या दर्जापेक्षा महत्त्वाचे आहे. प्रशिक्षक, स्लेजवाले आणि घोडेवाले बहुतेक टंगमर्ग व आसपासच्या खेड्यांतील असून वर्षाची बरीचशी कमाई त्यांना या थोड्या महिन्यांतच करावी लागते, त्यामुळे गिऱ्हाइकाचा पाठपुरावा ते चिकाटीने करतात. भाव आधी ठरवून घेतला की कुरकुर होत नाही. शाकाहारी जेवण मिळते. राजमा-भात सर्वत्र असतो आणि हाक ही काश्मिरी पालेभाजी माळकऱ्यालाही चालण्यासारखी आहे, मात्र ती वेगळ्या भांड्यात शिजवली आहे का हे विचारून घ्यावे. गोंडोलाच्या दोन्ही टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी असून ती ऑनलाइन आधीच काढावी लागतात, आणि सुटीच्या आठवड्यांत दुसऱ्या टप्प्याची तिकिटे लवकर संपतात.